शेजारच्या सीटवरची झोप

माय दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची. घरातला पहिला पदवीधर मी. त्यामुळे बोलायची खुमखुमी जरा जास्तच. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत शिकवायला जाताना आर्णीच्या एसटीत नवे पाठ मोठ्यानं म्हणून बघायचो. शेजारी रोज गळ्यात दुपट्टा टाकलेले एक काका. मी ‘पाण्याचे महत्त्व’ सुरू केलं, की त्यांची मान माझ्या खांद्यावर.

एकदा म्हणाले, “सर, गोळी घेऊनबी एवढी झोप लागत नाही मले. पोरं कशी जागी राहत असतीन?”

राग आला. पण कंटाळलेली पोरं या दिवसांत शाळा सोडून सरळ वेचणीला जातात. मी पाठ बदलला. दुसऱ्या दिवशी एसटीत विचारलं, “तुमच्या गावची विहीर कोणी खोदली?”

“कोणी म्हंजे? आमच्या आज्यानं!” काका भांडायलाच उठले.

आर्णी येईपर्यंत त्यांचा डोळा लागला नाही.