बरे झालेले लोक

जर्मनीत कोलोनमध्ये संत पँटालिऑनचं चर्च आहे. हा रोमन काळातला वैद्य. धर्म बदलून ख्रिस्ती झाला आणि लोकांना फुकट बरं करत सुटला. मग बाकीच्या वैद्यांनी बादशहाचे कान भरले आणि त्याचं मुंडकं उडवलं गेलं. पाद्रीबुवांनी ही कथा सांगितली तेव्हा माझ्या मावसबहिणीने, डॉक्टर कांताताईने, एवढंच विचारलं, “त्याने बरे केलेले लोक तेव्हा कुठे होते?”

कांताताई नागपूरची, इथे फॅमिली डॉक्टर. आमच्या मराठी मंडळाची तर हक्काचीच. गणपतीत आरती संपायचा अवकाश, तिच्यापुढे जिभा बाहेर निघतात. जयंतरावांचा गुडघा, अहिल्याबाईंचं पित्त, सगळं फुकटात. तिचं ताट रोजचंच गार.

२०१८ च्या आंबेडकर जयंतीला तिने त्याच चर्चचा हॉल घेतला आणि अख्ख्या मंडळाला बोलावलं. या लोकांनी एकदा तरी आपल्याकडे यावं, एवढीच तिची हौस. निरोप आले. जयंतरावांकडे पाहुणे. अहिल्याबाईंच्या मुलाचा वाढदिवस. मुक्ताची टॅक्सची कामं. तरी आम्ही घरच्यांनी खुर्च्या मांडल्या. ताई सारखी दाराकडे बघत होती आणि माझं डोकं तापत होतं.

पाचच्या सुमाराला दार उघडलं. जयंतराव, पोट धरून.

“कांताताई, बघा ना जरा. हॉस्पिटलच्या नोटआउफनामेत, इमर्जन्सीत, चार-चार तास बसवून ठेवतात हो!”

मागोमाग अहिल्याबाई, मुक्ता, मग सगळं मंडळच. सगळे दुपारी ऱ्हाइनकाठी ग्रिलपार्टीला होते. उन्हात ठेवलेल्या बटाट्याच्या सॅलडने घात केला होता. पाहुणे म्हणजे हेच, एकमेकांचे.

ताईने एकेकाला तपासलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं.

“फी नाही. कार्यक्रम संपेपर्यंत बसायचं. टॉयलेट डावीकडे.”

बसले. जातात कुठे? बाबासाहेबांच्या फोटोसमोर जयंतरावांनी भक्तिभावाने हात जोडले आणि तसेच डावीकडे पळाले.

“आल्झो, म्हणजे फारच सुंदर झालं,” निघताना पांढऱ्याफटक अहिल्याबाई म्हणाल्या. “आता दरवर्षी येणार हं आम्ही!”

ताईला ते खरं वाटलं. तिचा खुललेला चेहरा मला बघवेना.

पुढच्या वर्षी तोच हॉल, त्याच खुर्च्या. मंडळाची पोटं मात्र ठणठणीत होती. आम्ही घरचे तेवढे जेवलो आणि खुर्च्या एकावर एक रचायला लागलो.

“त्या वैद्याचं आता कळलं मला,” ताई म्हणाली. “त्या दिवशी लोकांकडे पाहुणे असणार.”