रस्त्याकडचा ओटा

आयटीतल्या पहिल्या नोकरीत मी चेन्नईला, अण्णा नगरात भाड्यानं राहायचो. रोज सकाळी एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत यायच्या आणि आमच्या ओट्यापुढच्या कुलूपबंद जाळीवर तळवा ठेवून थांबायच्या.

एकदा मी आईशी मोबाइलवर बोलत होतो. मराठी ऐकून त्या तंजावरी मराठीच्या हेलात म्हणाल्या, "या घराचा नकाशा माझा. आर्किटेक्चरच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. या रांगेतल्या प्रत्येक घराला मी रस्त्याकडे ओटा ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्यानं टेकावं म्हणून. आता सगळ्यांनी जाळ्या ठोकल्या."

त्यांचे पाय थरथरत होते. मी धावत खुर्ची आणली.

त्या बसल्या नाहीत. "खुर्ची कुणीतरी द्यावी लागते, बाबा. ओट्यावर बसायला कुणाला विचारावं लागत नव्हतं."

आणि पुढच्या घराच्या जाळीशी जाऊन उभ्या राहिल्या.