तुळजा तरवाली आणि वीस कांड्या

हेवा करायचा तर माणसानं मोठ्या गोष्टीचा करावा. शेजाऱ्याच्या बंगल्याचा करावा, मेव्हण्याच्या गाडीचा करावा. चिंतामणी दातारनं केला तो एका बाईचा, आणि ती बाई मुळात अस्तित्वातच नव्हती.

चिंतामणी मोजणी ऑफिसात नकाशे गिरवायच्या कामावर होता. वडप्याच्या शेतांचे बांध, खाडीकाठची मिठागरं, नारपोलीच्या गाळ्यांच्या हद्दी, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. अक्षर मोत्यासारखं, रेघ सरळ, स्वभाव तेवढा वाकडा. दुसऱ्यांच्या जमिनी गिरवून कंटाळलेल्या या माणसाला स्वतःचा मुलूख मिळाला तो सत्त्याऐंशी साली, इद्रीसमुळे. हे ‘इद्रीसमुळे’ पुढं त्याला फार जड गेलं.

इद्रीस त्याचा शाळेपासूनचा दोस्त. नारपोलीत त्याच्या वडिलांचा आठ लूमचा कारखाना होता आणि चिंतामणीच्या दोन खोल्या त्या कारखान्याच्या पाठीलाच होत्या. इद्रीसच्या मेहुण्यानं बहारीनहून मुलांसाठी एक इंग्रजी खेळ आणला. मुलांनी फासे हरवले, पुस्तकाची निम्मी पानं फाडली, आणि उरलेलं लफडं इद्रीसनं चिंतामणीपुढं आणून टाकलं.

“तू बघ रे चिंत्या, काय लिहिलंय. मला तर डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं दिसतंय.”

चिंतामणीनं आठ दिवस डिक्शनरी घेऊन ते वाचलं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं, आणि ‘आता मी असं करतो’ म्हणत गोष्ट पुढं न्यायची. पट नाही, सोंगट्या नाहीत, हारजीतही नाही. कल्पना त्याला बेहद्द आवडली. पण आत सगळे बर्फाचे डोंगर, दगडी किल्ले आणि आग ओकणारी जनावरं.

“हे आपल्याला चालायचं नाही,” तो म्हणाला. “आपला मुलूख आपण काढू.”

आणि त्यानं तो काढला. बारा खाड्यांचा मुलूख. ऑफिसातल्या रद्दी ग्राफपेपरांवर बारा खाड्या, त्यांची भरती-ओहोटी, एकवीस बंदरं, कुठल्या गावाचं कुठल्या गावाशी वैर आणि कशापायी. दोन वर्षांत तीनशे चाळीस पानं झाली. त्याची बायको सुनीती म्हणायची, “अहो, संक्रांतीचा दिवस तुमच्या लक्षात राहत नाही, आणि त्या मुलुखात नारळी पौर्णिमा कधी ते तोंडपाठ.”

फाशांची सोय इद्रीसनं केली. लूमच्या धोट्यात जी सुताची लाकडी कांडी बसते, तशा वापरून टाकून दिलेल्या वीस कांड्या त्यानं कारखान्यातून आणल्या. बुडावर एक ते वीस आकडे रंगवले, सुनीतीनं कोऱ्या कापडाची थैली शिवून दिली. अडचण आली की थैलीत हात घालून कांडी काढायची. वीस आली तर पाचही बोटं तुपात, एक आली तर घात. मात्र प्रसंग जिवावरचा असेल, तर कांडी गोष्ट सांगणाऱ्यानं काढायची, आणि एक आली की तो माणूस मेला. मेलेल्याचा कागद सांगणाऱ्याकडे जमा व्हायचा. हा कायदा चिंतामणीचा.

खेळ शुक्रवारी चालायचा, कारण शुक्रवारी लूम बंद. एरवी त्या खोल्यांत मीठ मागायचं तरी ओरडावं लागायचं. शुक्रवारी संध्याकाळी तेवढं माणसासारखं बोलता यायचं. चिंतामणी सांगणारा, इद्रीस आणि मुख्तार खेळणारे. मुख्तार इद्रीसच्याच कारखान्यात लूम चालवायचा. गोष्टीतल्या माणसाला ते सोंग म्हणत. मुख्तारचं सोंग म्हणजे एक तलवारबाज, जो दिसेल त्याला आडवा करायचा. इद्रीसनं आपलं सोंग कपड्याच्या ताग्यावरच्या लेबलामागं तीन ओळींत लिहून आणलं.

“तुळजा,” त्यानं वाचलं. “तर हाकते, माणसं खाडीपार नेते. पन्नाशीची. पोहता येत नाही.”

“तरवालीला पोहता येत नाही?”

“नाही येत. म्हणून तर होडी बुडू देत नाही कधी.”

मुख्तार खो खो हसला. स्वयंपाकघरात सुनीतीही हसली. चिंतामणीला ते हसणं त्याच क्षणी खुपलं. पण प्रत्येक सोंगाला एक गोष्ट न येणारी असावी, हे त्याला पटलं, आणि त्यानं तोही कायदा वहीत लिहून घेतला. कायद्यापुढं इद्रीसचं नाव मात्र लिहिलं नाही.

पुढं काय झालं ते सांगायलाच नको. तीनशे चाळीस पानं एका बाजूला आणि ती तीन ओळींची बाई एका बाजूला. तुळजा मिश्री लावायची. कुणी वाट विचारली की आधी चुकीची सांगायची, माणूस पारखायची, मग खरी सांगायची. इद्रीस मान तिरकी करून तिच्या आवाजात बोलायचा, “न्हाय रं बाबा, हितं पानी लय खोल हाय, तू आपला परत जा,” आणि मुख्तारच्या डोळ्यांत हसून पाणी यायचं. चिंतामणी बंदराचा इतिहास सांगायला लागला की मुख्तार जांभई द्यायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. बीळ चिंतामणीनं दोन वर्षं खणलं होतं.

त्याच्या मुलुखातली सगळ्यात लाडकी जागा म्हणजे मिठाचा तुरुंग. भिंती मिठाच्या, भरतीला कोठड्यांत गुडघाभर पाणी, पहारेकऱ्यांची नावं, त्यांच्या बायकांची नावं. एकट्या तुरुंगाची चाळीस पानं. पण तिथं कुणी जाईचना. मुख्तार कुणाच्या हाती लागायचा नाही आणि तुळजा कुणाशी भांडायची नाही. वर्ष गेलं. मग एका शुक्रवारी इद्रीसनं नाक्यावरच्या शिपायाला चुकवताना कांडी काढली ती नेमकी एक. तुळजा पकडली गेली. तीन शुक्रवार ती तुरुंगात होती, आणि ते तीन शुक्रवार चिंतामणीच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. लोक त्याच्या कोठड्यांतून हिंडत होते. त्याच्या पहारेकऱ्यांना नावानं हाका मारत होते.

तिसऱ्या शुक्रवारी तुळजा सुटली. प्यायला मिळायचं त्यातलं निम्मं पाणी ती रोज भिंतीच्या एकाच जागी ओतत होती. मीठच ते, विरघळलं. भिंत चिंतामणीनं बांधली होती, पण ती विरघळेल हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. सुनीती स्टो बंद करून बाहेर आली आणि विचारती झाली, “सुटली का हो तुळजा? मग? पुढं काय झालं तिचं?” सहा वर्षांच्या संसारात तिनं त्याच्या एकाही राजाचं पुढं काय झालं हे विचारलं नव्हतं. चिंतामणीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रात्री त्यानं आमटी अळणी आहे म्हणून कुरकुर केली. आमटी अळणी नव्हती.

त्याच वर्षी दिवाळीत कांड्यांचे आकडे पुन्हा रंगवताना त्याच्या बोटाला लागलं की एक नंबरच्या कांडीच्या टोकाचा टवका उडालाय. थैलीत न बघताही ती ओळखू येईल. त्यानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. वापरलीही नाही. वर्षभर तो स्वतःला सांगत राहिला की आपण किती सरळ माणूस आहोत.

मग एक दिवस धामणकर नाक्यावर तो शेअर रिक्षाच्या रांगेत उभा होता. पुढं मुख्तार कुणाला तरी सांगत होता, “शुक्रवारी पिक्चर नको यार, तुळजाका खेल रहता है.”

“किसका खेल है?”

“इद्रीसभाईका. और एक साब रहते हैं, नक्शा दिखाते हैं.”

चिंतामणी रांगेतून बाहेर पडला आणि नारपोलीपर्यंत चालत गेला. नक्शा दिखाते हैं! तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या शुक्रवारपर्यंत उतरली नाही.

त्या शुक्रवारी त्यानं सातव्या खाडीच्या तोंडाशी भोवरा आणला. नकाशात तिथं भोवरा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपल्याच नकाशाशी बेइमानी केली. तुळजाची होडी गरगर फिरू लागली.

“जिवावरचा प्रसंग आहे,” तो म्हणाला. “कांडी मी काढणार.”

त्यानं थैलीत हात घातला, चाचपलं, टवका बोटाला लागला, आणि त्यानं ती बाहेर काढून टेबलावर ठेवली. एक. दारात उभी राहून सुनीती म्हणाली, “अहो, परत काढा ना.”

“कायदा तो कायदा.”

इद्रीसनं कांडी उचलली. टोकावरून एकदा अंगठा फिरवला आणि ती खाली ठेवली. मग ताग्याचं ते लेबल खिशातून काढून चिंतामणीपुढं सरकवलं. “पोहता येत नव्हतं बिचारीला,” एवढंच म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी मुख्तार आला नाही. डबल ड्युटी आहे म्हणे. लूम बंद असताना डबल ड्युटी! इद्रीस आला, पण बिननावाचा एक शिपाई घेऊन, आणि हो-नाही यापलीकडं तो शिपाई काही बोलला नाही. सुनीतीनं चहा आदळला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी कुणीच आलं नाही. चिंतामणी तीनशे चाळीस पानं पुढं घेऊन बसला. मुलूख आता सगळाच्या सगळा त्याचा होता, आणि त्यात चिटपाखरू नव्हतं.

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर त्याला राहवलं नाही. तो इद्रीसच्या कारखान्यात गेला. आठही लूम चालू. इद्रीसनं त्याला बघितलं, जवळ आला आणि कानाशी तोंड नेऊन ओरडला, “तुटकी कांडी मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे! माझ्याच कारखान्यातली ती!”

चिंतामणीचं तोंड उतरलं. आजूबाजूला चार माणसं होती, पण त्या खडखडाटात कुणाला काही ऐकू जाणार नव्हतं.

“मग बोलला का नाहीस?” तोही ओरडला.

“काय बोलणार? मी पण काढलीय ना ती!”

“तू? कधी?”

“मिठाच्या तुरुंगात गेलो तो कसा गेलो? तू चाळीस पानं लिहून बसलेला, कुणी तिकडं फिरकत नव्हतं. तुझं तोंड बघवेना मला! म्हटलं जाऊ या आत!”

चिंतामणी उभाच राहिला. आयुष्यातले सगळ्यात सुखाचे तीन शुक्रवार, तेही इद्रीसनं दिलेले निघाले. ज्याचा हेवा करायचा त्यानंच आपल्यावर दया करावी, याच्याइतकं वाईट काय असतं? त्याला रडू आलं असतं, पण राग आधी आला.

“परत आणू का तिला?” शेवटी तो ओरडला.

“मेलं ते मेलं! कायदा तुझाच! या शुक्रवारी मी सांगतो. तू सोंग घेऊन ये!”

तीन दिवस चिंतामणी सोंग शोधत होता. सेनापती लिहिला, फाडला. वैद्य लिहिला, तो मिश्री लावायला लागला, म्हणून फाडला. शुक्रवारी तो कोरा कागद घेऊनच बसला. मुख्तार आला होता, इद्रीसनं त्याला दंडाला धरून आणला होता. सुनीती आत भाजी चिरत होती.

“सोंग कोण?” इद्रीसनं विचारलं.

“विठू,” चिंतामणी म्हणाला. नाव आपोआप आलं. “विठू नकाशेवाला. सगळ्या खाड्या त्यानं मोजल्यात.”

“काय येत नाही त्याला?”

“दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघता येत नाही.”

मुख्तार फिसकन हसला. “असा माणूस करणार काय पण?”

“त्यानं केलंय. एका तरवालीला मारलंय. लोक समजतात ती भोवऱ्यात बुडाली. भोवरा नव्हताच तिथं. यानं थैलीत हात घातला, चाचपून तुटकी कांडी शोधली आणि काढली.”

मुख्तारचं हसू थांबलं. त्यानं थैलीकडं पाहिलं, मग इद्रीसकडं, मग चिंतामणीकडं. “या अल्ला,” तो हळू म्हणाला. आत विळीचा आवाज बंद झाला. सुनीती ओल्या हातांनी दारात आली. नवऱ्याकडं तिनं बराच वेळ पाहिलं, आणि ती रागावेल म्हणून चिंतामणीनं मान खाली घातली.

“मग?” ती म्हणाली. “पुढं काय झालं त्याचं?”

चिंतामणीनं झटकन वर पाहिलं ते तिच्याकडं नव्हे, इद्रीसकडं. त्या तोंडावर थोडा तरी हेवा दिसतो का, रतीभर तरी, हे त्यानं आधी शोधलं. नव्हता. इद्रीस खुशीत थैली पुढं सरकवत होता. “काढ कांडी, विठोबा,” तो म्हणत होता. चिंतामणीनं त्याला पुढं बाकी सगळं माफ केलं, हे एक सोडून.