भाऊंचं चाकांवरचं घर

दुसऱ्याची मोटार उभी दिसली की तिच्यात शिरून आडवं व्हायचं, ही भाऊ लेल्यांची सवय. लग्न होऊन मी डोंबिवलीला आले तेव्हा हे आमचे शेजारी मला पहिल्यांदा दिसले ते असेच. रस्त्यात उभ्या असलेल्या लाँड्रीच्या व्हॅनमधून दोन पाय बाहेर आलेले, ड्रायव्हर ओरडतोय आणि आतून शांत आवाज, "अहो, थांबा जरा. पाय लांब होतायत का, तेवढंच बघतोय."

भाऊ ठाकुर्लीला कारखान्यात फोरमन होते. हिंडायची भारी हौस. पण त्यांच्या बायकोचं, आमच्या माईंचं, सोवळं कडक. परक्या घरचं पाणीसुद्धा चालत नसे. त्यामुळे दोघं मिळून कधी कुठे गेलेच नव्हते. "ही घर सोडत नाही ना? मग घरालाच चाकं लावू," भाऊ म्हणायचे.

युद्धानंतर लष्कराच्या जुन्या गाड्या कल्याणला विकायला निघत. तिथली अँब्युलन्स बाराशेला मिळत होती. ठाण्यातल्या एका पाववाल्याची गाडी सोळाशेला, आणि फिरत्या सिनेमावाल्याची उंच व्हॅन चोवीसशेला.

"मग अँब्युलन्सच घ्या की," मी म्हटलं.

"सूनबाई, नुसती गाडीची किंमत बघून भागत नाही. तिचं घर करायला काय पडतं ते बघायचं. हिला खिडक्या पाडा, छप्पर उचला, टायर बदला. हीच सगळ्यांत महाग!"

एका रविवारी ते माईंना आणि मला तिन्ही गाड्या दाखवायला घेऊन गेले. अँब्युलन्सच्या दारातच माई थबकल्या. "यात किती जणांनी प्राण सोडले असतील! इथे मी भात शिजवू?" पाववाल्याच्या गाडीपाशी त्यांनी नाकाला पदर लावला. सिनेमावाल्याच्या व्हॅनमध्ये मात्र त्या चढल्या, ताठ उभ्या राहिल्या आणि हात पसरून म्हणाल्या, "इथे स्टोव्ह. इथे पाण्याचा हंडा." भाऊ बघतच राहिले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपली लाडकी मोटरसायकल विकायला काढली.

पहिल्या सफरीला आम्ही नवराबायकोही बरोबर होतो. निघालो नाशिकला, आणि कसारा घाटात इंजिन तापून बसलं. मागच्या ट्रकमधून एक सरदारजी उतरला. स्वतःच्या डब्यातलं पाणी त्याने आमच्या गाडीला पाजलं आणि भाऊंबरोबर तासभर खटपट केली. तोवर माईंनी पिठलं-भात केला होता.

"अहो, त्यांना म्हणावं आत या. उन्हात काय जेवायचं?"

सरदारजी आत येऊन पोटभर जेवला. मग ट्रकमधून चहाची किटली घेऊन आला आणि पहिला पेला त्याने माईंपुढे धरला. भाऊ हात पुसता पुसता थांबले. माईंनी पेल्याकडे पाहिलं, सरदारजीच्या काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं, आणि चहा घेतला.

"साखर फार घालता हो तुम्ही," त्या म्हणाल्या.

भाऊ इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

पुढे निवृत्त होताच त्यांनी डोंबिवलीची खोलीच सोडली. निरोप द्यायला सगळी चाळ खाली उतरली होती. मी पदराने डोळे पुसत होते. "भाऊ, आता कुठे?" मी विचारलं.

"मला काय विचारतेस? तिला विचार."

माई केव्हाच पुढच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. "रामेश्वर!" त्या तिथूनच ओरडल्या. "आणि रडतेस काय अशी? चला हो तुम्ही, बसा लवकर!"