हरारे की सॅलिसबरी?

माझ्या मुलीचं बरोबर उत्तर चूक ठरवायला लागणारा पुरावा मी स्वतः धावत घरी जाऊन आणला होता.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. विक्रोळीत आमच्या चाळीच्या गणपतीत सामान्यज्ञानाची स्पर्धा होती आणि बक्षीस होतं टेबलावर ठेवायचा पृथ्वीगोल. नंदा तेव्हा आठवीत. कारखान्यातून आलो की मी तिला घोकायला बसवायचो. महायुद्धं, तह, देश, राजधान्या, सगळं. आधाराला माझ्या शाळेतलं नकाशाचं पुस्तक होतं. (त्यात महाराष्ट्र नावाचं राज्यही नव्हतं, पण तेव्हा मला ते खटकलं नाही.)

शेवटी नंदा आणि मागच्या चाळीतली मीना यांची बरोबरी झाली. परीक्षक म्हणून आलेल्या भूगोलाच्या सरांनी विचारलं, झिंबाब्वेची राजधानी कोणती? नंदा म्हणाली, "हरारे." सर 'बरोबर' म्हणाले, टाळ्या पडल्या आणि माझं डोकं सटकलं. महिनाभर मी 'सॅलिसबरी' घोकून घेतलं आणि ही भर मांडवात भलतंच बोलते? मी उभा राहून ओरडलो, उत्तर चूक आहे!

बायकोनं माझा सदरा ओढला. "गप बसा ओ. आपलां चेडू जिकलां हा."

मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे.

सर बिचारे मवाळ. त्या शहराचं नाव मध्यंतरी बदललंय, असं हळूच म्हणाले. शहरांची नावं काय अशी उठसूट बदलतात का, असं विचारून मी घरी पळालो, नकाशाचं पुस्तक आणलं आणि त्यांच्यापुढे आपटलं. त्यात देशाचं नाव ऱ्होडेशिया होतं. त्याचंच आता झिंबाब्वे झालंय, हे मीच सगळ्यांना चढ्या आवाजात समजावलं. (देशाचं नाव बदलतं हे मला मान्य होतं. राजधानीचं बदलतं, हे नव्हतं.)

आरती खोळंबली होती. कंटाळून सरांनी नंदाचा गुण रद्द केला आणि नवा प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मीनानं दिलं. मी न्याय झाल्यासारखा खाली बसलो.

मीनानं बक्षीस हातात घेतलं, फिरवलं, आफ्रिकेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सर, इथे हरारेच लिहिलंय."

मांडवातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. राग अजून शिल्लक होता, तो मी पृथ्वीगोलावर काढला. म्हटलं, छापणाऱ्याची चूक असेल.

इतका वेळ मान खाली घालून उभी असलेली नंदा स्टेजवरून उतरून माझ्यापुढे आली. डोळे भरलेले, पण आवाज अगदी थंड. "बाबा, सगळ्या जगाचंच चुकलंय. चला घरी."

मीना बक्षीस परत द्यायला आली होती, पण नंदानं ते घेतलं नाही. पुढे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बायको बोलली, पण ते लिहिण्यासारखं नाही. रविवारी मी कांजूरमार्गला सरांच्या घरी जाऊन माफी मागून आलो.

पुढच्या वर्षी मंडळानं फळ्यावर स्पर्धेचे नियम लिहिले. पहिलाच नियम : 'स्पर्धकांच्या वडिलांनी मांडवात बसू नये.' मी तडक सेक्रेटरीला गाठलं आणि झापलं, की बाकीच्या वडिलांनी तुमचं काय घोडं मारलंय? त्याला ते पटलं. त्यानं खडू उचलला, 'स्पर्धकांच्या वडिलांनी' एवढंच पुसलं आणि तिथे माझं पूर्ण नाव लिहिलं.