आत्या गोव्याला उतरली नाही

आत्या कांजूरमार्गच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्याने तो विभाग बंद केला आणि आत्या घरी बसली. घरी म्हणजे आमच्याकडे, मुलुंडला. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण, आणि माझ्या जन्माआधीपासून आमच्यातच राहायची. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं, दाभोळच्या खाडीपलीकडच्या एका गावात. वर्ष पुरं व्हायच्या आत ती बोटीने मुंबईला माहेरी आली ती परत गेलीच नाही. का, ते मला कधी कुणी सांगितलं नाही. तिच्या सासरच्या गावाचं नाव मी घरात एकदोनदाच ऐकलं असेन, तेही मोठी माणसं हळू आवाजात बोलत असताना.

घरी बसल्यावर महिनाभर ती रोज सकाळी कारखान्याच्या वेळेला साडी नेसून तयार व्हायची. मग दिवाळी झाली, आणि एकदा जेवताना तिने जाहीर केलं, "मी गोव्याच्या बोटीने जाणार आहे. वरच्या वर्गाने. केबिन घेऊन."

वडील म्हणाले, "गोव्यात राहणार कुठं?"

"राहायचं नाही. त्याच बोटीने परत यायचं."

"म्हणजे गोवा बघायचा नाही?"

"नाही."

"मग जायचं कशाला, ताई?"

"बोटीत बसायला," आत्या म्हणाली आणि तिने आमटी वाढून घेतली.

आईला हे पटलं नाही, पण ती आत्याशी वाद घालत नसे. वडिलांनी एवढंच सांगितलं की एकटीने जायचं नाही. मी तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टी होती, म्हणून माझी वर्णी लागली. मी मैत्रिणींना सांगून टाकलं की मी गोव्याला चालले आहे. उतरायचं नाही हा भाग सांगितला नाही.

भाऊच्या धक्क्यावर वडील सोडायला आले होते. खालच्या डेकची माणसं पहाटेपासून येऊन बसली होती. बोट लागल्याबरोबर ती धावत सुटली, कारण जो आधी चटई पसरेल त्याची जागा. आत्याने आजवर बोटीचा प्रवास केला तो असाच, घमेली, ट्रंका आणि उलट्या करणाऱ्या पोरांच्या मधे बसून. या वेळी ती बाजूला उभी राहिली. गर्दी आत गेल्यावर जिन्याने सावकाश वर आली. केबिनमध्ये एकावर एक दोन बिछाने होते, हात धुवायला बेसिन होतं आणि एक गोल खिडकी. आत्याने खिडकीतून पाहिलं, उशी दाबून बघितली, नळ सोडून बंद केला आणि म्हणाली, "झकास आहे की गं."

वरच्या डेकवर आरामखुर्च्या होत्या. तिथे एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं, पत्ते खेळणारे चार गुजराती गृहस्थ होते आणि मळकट झब्बे घातलेले काही गोरे तरुण होते, त्यांच्यातला एक सारखा गिटार लावायचा पण वाजवायचा नाही. आत्या एका खुर्चीत बसली. तिने चहा मागवला, ऑम्लेट-पाव मागवला, तो खाल्ला आणि झोपून गेली. दिवसाउजेडी झोपलेली आत्या मी त्याआधी पाहिली नव्हती. तोंड किंचित उघडं होतं. तिच्या पायात कारखान्यातल्याच रबरी चपला होत्या. मला मात्र दुपारी बोट लागली. मी केबिनमध्ये जाऊन दोनदा ओकले, आणि परत आले तेव्हा ती जागी होऊन समुद्राकडे बघत होती.

"काय बघतेस?" मी विचारलं.

"काही नाही. किनारा एवढा जवळ असतो हे खाली बसून कधी कळलं नव्हतं."

उन्हं उतरायला लागली तेव्हा दाभोळ आलं. तिथे बोट धक्क्याला लागत नसे. ती खाडीच्या तोंडाशी उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. त्यांतून माणसं शिडीने वर चढायची, उतरणारी खाली जायची. आत्या उठली आणि जिना उतरून खालच्या डेकवर गेली. मी मागोमाग गेले. तिला गाव बघायचं असेल असं मला वाटलं. पण ती गावाकडे पाहत नव्हती. दाराशी उभी राहून चढणाऱ्या माणसांचे चेहरे बघत होती.

पडाव वरखाली होत होता. चाळिशीतली एक बाई काखेत बोचकं घेऊन शिडीला लटकली आणि तिथेच थांबली. खाली खलाशी ओरडायला लागला. आत्याने वाकून हात दिला आणि तिला आत ओढून घेतलं. आत्याने तिचं बोचकं उचललं आणि कठड्याजवळ थोडी मोकळी जागा होती तिथे ठेवायला लागली.

"नको, नको," बाई म्हणाली. "कठड्याशी नको बाय. मधेच बसते. रत्नागिरीपर्यंतच जायचंय, लेकीचं बाळंतपण आहे."

"तिथं वारा लागेल म्हणून म्हटलं," आत्या म्हणाली.

"वारा नको नि काय नको. माझी वहिनी बोटीतून पडून गेली. तेव्हापासून मी कठड्याशी बसत नाही."

आत्याने बोचकं मधे आणून ठेवलं. मग तीही लोकांच्या सामानात जागा करून खाली बसली. तिची नवी साडी कुणाच्या तरी माशांच्या टोपलीला लागली, पण तिने पाहिलं नाही.

"कुठलं गाव तुमचं?" तिने विचारलं.

बाईने माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. ते ऐकून मी आत्याकडे पाहिलं. तिचा चेहरा कारखान्यातून दमून आल्यावर असायचा तसाच होता.

"देवळामागं घर आमचं," बाई सांगत होती. "आता तिथं माझा थोरला भाऊच आहे. त्याची ती पहिली बायको. माहेरी जायला म्हणून बोटीत बसली, आणि पडली. भाऊ बंदरावरून ऐकून आला. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन."

"सापडली नाही?"

"समुद्रात पडलेलं कुठं सापडतं? सगळं रीतसर केलं. दिवस घातले, तेराव्याला जेवण घातलं. मग भावाचं दुसरं झालं. त्याला चार मुलं."

"बरा आहे ना भाऊ?"

"गुडघे धरलेत त्याचे. बाकी बरा."

बोट हलली. बाईने दोन्ही हातांनी एका ट्रंकेची कडी पकडली. आत्या म्हणाली, "कशी होती तुमची वहिनी?"

"चांगली होती," बाई म्हणाली. "फार बोलायची नाही. माझ्या डोक्यात उवा झाल्या होत्या तर दुपारची मागल्या पडवीत घेऊन बसायची. आईला चोरून मला गूळ द्यायची. आई तिच्याशी बरी वागत नसे, आता खोटं कशाला बोलू. तेराव्यालासुद्धा आईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मीच रडत होते. आई म्हणाली, पुरे आता."

"तुम्ही रडलात?"

"रडले तर. ताप आला मला."

मी उभीच होते. मला वाटत होतं, आता आत्या सांगेल, आता सांगेल. बाईने बोचक्याची गाठ सोडली आणि आतून पानात गुंडाळलेली अबोलीची फुलं काढली. म्हणाली, "बोटीत बसले की मी वहिनीला फुलं टाकते. दरवेळेला नवऱ्याला टाकायला सांगते, माझ्याने कठड्यापर्यंत जाववत नाही. आज एकटीच निघाले. बाई, तुम्ही टाकता काय?"

"द्या," आत्या म्हणाली.

तिने ओंजळ पुढे केली. फुलं घेऊन ती माणसांच्या पायांतून वाट काढत कठड्यापर्यंत गेली. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग हात बाहेर काढून तिने ओंजळ उघडली. वाऱ्याने बरीचशी फुलं बोटीच्या अंगाला चिकटवली, थोडी पाण्यात गेली. परत येऊन ती बाईच्या शेजारी बसली.

"गेली?" बाईने विचारलं.

"गेली."

पुढे रत्नागिरीपर्यंत दोघी बोलत होत्या. आता आत्याच जास्त विचारत होती. विहिरीवरचा फणस अजून आहे का, देवळाचं छप्पर कौलारूच आहे का. बाईच्या लक्षात आलं नाही, की आलं पण तिने दाखवलं नाही, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. मला तरी ती आपल्या लेकीच्या काळजीत दिसत होती. एकदा तिने विचारलं, "तुम्हाला मुलंबाळं?" आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "ही भाची आहे."

रत्नागिरीला अंधार पडला होता. कंदील लावलेले पडाव आले. आत्याने बाईचं बोचकं शिडीपर्यंत नेलं, तिचा दंड धरून ठेवला आणि म्हणाली, "सांभाळून उतर. खाली बघू नकोस." बाई उतरली. पडावात बसल्यावर तिने वर पाहिलं आणि हात केला. आत्यानेही केला.

वर येऊन आम्ही जेवायला बसलो. पोळ्या थंड झाल्या होत्या. मी म्हटलं, "आत्या, ती तुझी नणंद ना? तुझीच गोष्ट सांगत होती ना ती?"

"हो."

"अगं मग सांगितलं का नाहीस तिला?"

"काय सांगू?"

"की तू जिवंत आहेस!"

"रत्नागिरी यायला किती वेळ होता? तेवढ्यात काय काय सांगणार? आणि तिला तिच्या वहिनीबद्दल बोलायचं होतं. मी मधेच कशाला उठून उभी राहू?" तिने लोणच्याची फोड माझ्या ताटात टाकली. "भाऊ खोटं बोलला हेही मग तिला कळणार. आता लेकीच्या बाळंतपणाला चालली आहे ती. राहू दे."

"तुला राग नाही आला?"

आत्याने विचार केला. खरंच विचार केला, कारण घास हातातच राहिला होता. "आधी आला," ती म्हणाली. "मग तिने तापाचं सांगितलं ना, तेव्हा गेला."

सकाळी पणजी आली. सगळे उतरले. एक खलाशी येऊन आम्हाला म्हणाला की बोट धुवायची आहे, उतरा. आत्या म्हणाली, "आम्ही परतीचे. उतरणार नाही."

"अहो, सगळे उतरतात. गोवा आहे हा."

"माहीत आहे. तुम्ही धुवा. मी पाय वर घेते."

त्याने वरच्या साहेबाला बोलावलं. साहेब आला, त्याने परतीची तिकिटं पाहिली, आत्याकडे पाहिलं आणि निघून गेला. मी मात्र चिडले. मुलुंडला जाऊन काय सांगू, म्हणून एकटीच उतरले. धक्क्यासमोरच्या रस्त्याने थोडं चालले, एका हॉटेलात बन आणि चहा घेतला, नदीच्या काठाकाठाने परत आले. तोवर आत्या ओल्या डेकवर खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि तो मघाचा खलाशी तिला पलीकडच्या काठावरच्या जागांची नावं सांगत होता. पुढे कित्येक वर्षं मी गोवा पाहिलाय असं सांगत असे, ते त्या फेरीच्या जोरावर.

परतीचा प्रवास शांत झाला. दाभोळ केव्हा गेलं ते कळलं नाही, आम्ही दोघी झोपलो होतो.

घरी आल्यावर आत्याने कुणाला काही सांगितलं नाही. मी वडिलांना सांगितलं, ती बाजारात गेली असताना. वडील म्हणाले, "आबा एकदा तिची ट्रंक आणायला त्या गावाला गेले होते." आबा म्हणजे माझे आजोबा, परळच्या गिरणीत होते. "मी लहान होतो. ट्रंक घेऊन आले आणि आईला म्हणाले, तिथली माणसं मात्र फार चांगली आहेत. म्हणाले, मला बघून बायका रडायला लागल्या. कुणीतरी चहा करून आणला, पुरुषांनी वेशीपर्यंत सोडलं. आम्हाला वाटलं, सून सोडून गेली म्हणून वाईट वाटत असेल."

"आबांना कळलंच नाही?"

"कळलं असेल तर बोलले नाहीत. ते तसेही फार बोलत नसत."

आत्या पिशवी घेऊन दारात उभी होती. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. तिने पिशवी खाली ठेवली, मोरीत जाऊन पाय धुतले, पदराने तोंड पुसत बाहेर आली आणि वडिलांना विचारलं, "कोण कोण रडलं रे?"

"मला काय माहीत, ताई. मी गेलो होतो का तिथं?"

"आबांनी नावं सांगितली नाहीत?"

"नाही."

"समोरची काकू रडली असणार," आत्या म्हणाली. मग ती पाटावर बसली आणि बोटांवर मोजत त्या गावातली घरं एकेक करून मोठ्याने आठवू लागली. आईने तिला चहा आणून दिला. तो निवला तरी तिने उचलला नाही.