दर्यापूरकडची एकच नोंद

अकोल्यात आमच्या रुग्णालयात कर्करोगाच्या नोंदी घ्यायला कर्करोग नोंदणी कार्यालयातले एक कर्मचारी दर मंगळवारी येत. कागदावर बोट ठेवून आधी गाव वाचत, मग नाव. एकदा मेंदूतल्या बीजपेशींच्या गाठीची नोंद सापडली. इतकी दुर्मिळ, की त्यांच्या रजिस्टरात तेवढी एकच. मुलगी दर्यापूरकडची, बारा वर्षांची. रुग्ण कसा आहे हे विचारायला ते दरवर्षी फोन करत; उपचारानंतर दोन वर्षांनी तिच्या घरचा फोन लागेना.

“‘पत्ता नाही’ लिहा की,” मी म्हटलं.

“काहून? एकच तं पोरगी हाये, मॅडम. तिलेच हरवू काय?”

दुसऱ्या दिवशी ते स्वतः जीपने तिच्या गावी जाऊन आले, नवा फोन नंबरही घेऊन.

“झेंडू तोडून राहिली होती. मी काही इचारायच्या आधी तीच म्हणे, काका, तुमची तब्येत बरी हाये ना?”

‘जिवंत’ हा शब्द त्यांनी फार सावकाश लिहिला.

आता ते निवृत्त झालेत. तिला दरवर्षी फोन मी करते.